चिनीआपाचं दार

१

कुवेतमधल्या फिंतासहून कंपनीची बस निघाली की बदरुद्दीन खिडकीजवळची जागा बायकोला द्यायचा. वाटेत बघण्यासारखं फार काही नव्हतं. एका अंगाला खजुराची धुळीने माखलेली झाडं, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि लांब जेटीला लागलेल्या तेलाच्या बोटी. तरी अमिरुन्निसा बाहेर बघत राहायची. एकटीला घर खायला उठतं म्हणून तो तिला दुपारी बरोबर न्यायचा.

जेटीजवळ खलाशांचा क्लब होता. तिथे तो पिक्चर दाखवायचा. बोट तेल भरेपर्यंत खलाशी क्लबात येऊन बसत. पिक्चरचे डबे बोटींवरूनच यायचे. एका बोटीने द्यायचे, दुसरीने न्यायचे. दुपारी खोलीला काळे पडदे लावून बदरुद्दीन ते डबे मशीनवर चालवून बघायचा. कुठे फिल्मचे दाते फाटलेत, कुठे जोड सुटलाय. भिंतीपलीकडे मॅनेजरसाहेब झोपलेला असायचा, त्यामुळे आवाज बंद. पडद्यावर माणसं बोलायची, रडायची, गायची, आणि खोलीत फक्त मशीनची कटकट.

त्याची शाळा चौथीपर्यंतची. पण या कामातली एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. फिल्म कधी वाढत नाही. तुटली की दोन्ही टोकं खरवडून एकमेकांवर चिकटवायची, त्यात थोडी जाते. खलाशी आवडत्या बाईचं चित्र कापून खिशात घालतात, त्यातही जाते. म्हणून डबा आला की फिल्म रिळावर कुठवर भरली आहे तिथे तो मेणपेन्सिलीने खूण करून ठेवायचा. पुढे कमी भरली तर आळ आपल्यावर नको.

गावी, रत्नागिरीकडे, त्यांची मुलगी लैला तापाने गेली तेव्हा बदरुद्दीन इथेच होता. त्याला कळलं तोवर मातीसुद्धा देऊन झाली होती. मग त्याने बायकोला इकडे आणलं. पूर्वी ती त्याला ‘लैलाचे अब्बा’ म्हणायची. पहिल्या हाकेलाच तो जायचा, दुसरी मारायची पाळी तिच्यावर कधी आली नाही. लैला गेल्यापासून ती ‘ऐकलंत काय’ म्हणायची, तेही भिंतीकडे बघून.

आणि तिला एक खोड लागली होती. बाजारात एखादं अरबाचं पोर ‘युम्मा’ म्हणून आपल्या आईला हाक मारायचं, आणि अमिरुन्निसा चालता चालता थांबून म्हणायची, “ओ.”

बदरुद्दीनला आपल्या आईचं बोलणं आठवायचं. ती सांगायची, सांज झाली की दारातल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असलं तर तीनदा हाक मारतं. दुसरं काय असलं तर एकदाच मारतं. हे तो अमिरनला सांगू शकला नाही. पोर गेलेल्या बाईला काय सांगायचं?

२

रुपया जाऊन दिनार आला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हाँगकाँगच्या खलाशांची एक बोट जेटीला लागली. तिच्यावरून पिक्चरची एक पेटी उतरली. डब्यांवर चिनी अक्षरं, आणि सगळ्यांवर एकाच बाईचं चित्र.

“बदरूभाय, आता चिनी शिकायला लागणार तुला,” चहाचा ट्रे खाली ठेवत अब्बास म्हणाला. अब्बास दापोलीकडचा, क्लबच्या भटारखान्यात होता. “आधी इंग्रजीच येत नाय तुला, म्हणजे सारखंच.”

“तुला तरी कुठं चहा येतो? तरी पाजतोसच ना,” बदरुद्दीन म्हणाला.

क्लबची इस्त्री करणारा आह-लुन हाँगकाँगचा म्हातारा होता. मुंबईच्या गोदीत राहून थोडी हिंदी शिकला होता. डब्यावरचं चित्र बघून त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि हात पुसले.

“क्वोक लाय-हा,” तो म्हणाला. “बहुत बडा ॲक्टर. वो छोटा था, तबसे देखता.”

मग त्याने आपल्या मोडक्या हिंदीत तिची हकीकत सांगितली. लहानपणीच आईने तिला नाटकमंडळीत ठेवलं. मंडळी नावेतून गावोगाव हिंडायची. तिथे ती तलवार फिरवायला शिकली, हातभर लांब बाह्या पाण्यासारख्या झुलवायला शिकली. बोलपट आले तेव्हा तिला आधी पोरीची कामं मिळाली, मग मोलकरणीची, मग नायिकेची. लढाईत जपानी आले तशी ती मकावला पळाली आणि चहाच्या दुकानात गाऊन पोट भरलं. लढाई संपल्यावर परतली, तर काम संपेना. सकाळी एका स्टुडिओत नवरी, दुपारी दुसऱ्या स्टुडिओत विधवा. आठवड्यात एक पिक्चर तयार. धड पस्तिशीची झाली नाही तोच तिला म्हाताऱ्या आईच्या भूमिका द्यायला लागले.

“सब पिक्चर में एक सीन रहता,” आह-लुन म्हणाला. “दरवाजा में खडा होता, बाहर देखता, किसी को बुलाता. कभी आदमी को, कभी बच्चा को. कोई नहीं आता. पब्लिक वो देखने के वास्ते टिकट लेता.”

“आता कुठं असते ती?” बदरुद्दीनने विचारलं.

“पिक्चर छोड दिया. किधर गया, मालूम नहीं.” त्याने इस्त्री उचलली, पुन्हा खाली ठेवली. “वो सीन आता, तो हमारा थिएटर में कोई बात नहीं करता. खाली चुप.”

“का?”

आह-लुनने शर्टाची कॉलर सरळ केली. “ऐसा ही है,” तो म्हणाला.

३

अमिरुन्निसाला ती बाई पहिल्याच दुपारी आवडली. तिने तिचं नाव चिनीआपा ठेवलं.

“चिनीआपाचा नवरा काय कामाचा नाय,” ती मागच्या बाकावरून म्हणायची. “बघा, कसा बसलाय सुभेदारासारखा. आणि ती उभी.”

“तुला काय कळतंय गो त्यांचं बोलणं?”

“बोलणं कशाला कळायला पायजे? तोंड दिसतंय ना.”

कितीतरी महिन्यांनी ती एवढं बोलत होती. बदरुद्दीनला बरं वाटायचं. डब्यांचा क्रम त्याला समजत नव्हता, हाताला येईल तो डबा तो लावायचा. पण कसं कोण जाणे, चिनीआपा दर दुपारी तरुण होत गेली. आधी पांढऱ्या केसांची आई. मग लांब बाह्या डोळ्यांना लावून रडणारी नायिका. मग तलवारवाली पोरसवदा मुलगी. प्रत्येक पिक्चरमध्ये ते दार यायचं. ती उंबऱ्यात येई, तोंडाशी हात नेऊन एकदा हाक मारी, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. कोणी येत नसे. मग ती दार लोटून घेई.

तिसऱ्या की चौथ्या डब्याला बदरुद्दीनच्या लक्षात आलं की दार सगळीकडे तेच आहे. दोन फळ्यांचं लाकडी दार, उजव्या फळीला आडवी चीर, चीर टोकाशी किंचित खाली वाकलेली. म्हातारीच्या पिक्चरमध्ये तीच, मुलीच्या पिक्चरमध्येही तीच. मध्ये वीस-पंचवीस वर्षं गेलेली, लढाई होऊन गेलेली.

त्याने स्वतःला समजावलं. आठवड्यात पिक्चर करणारे लोक दरवेळी नवं दार कुठून आणतील? जुनंच वापरत असतील.

तळाचा डबा सगळ्यात जुना होता. त्याची फिल्म वाळून कडक झाली होती. एके दिवशी अमिरनला डोकेदुखी होती म्हणून ती आली नाही, तेव्हा त्याने तो एकट्यानेच लावला. त्यात चिनीआपा सात-आठ वर्षांची होती. कपाळावर सरळ कापलेले केस, अंगात आखूड सदरा. तिने दारात येऊन तीनदा हाक मारली आणि दार लावून घेतलं. दार लागलं आणि तिथेच फिल्म तुटली. त्याने जोड मारला. पुन्हा चालवून बघितलं. दार मिटलं की लगेच जोड मशीनमधून जायचा आणि ‘टक’ असा आवाज व्हायचा. जोड पक्का होता. त्याने रिळावर मेणपेन्सिलीची खूण केली.

दुसऱ्या दिवशी अमिरन मागच्या बाकावर होती. पोरगी दारात आली. तोंडाशी हात नेऊन तिने पहिली हाक मारली. खोलीत मशीनची कटकट सोडून काही नव्हतं.

“ओ,” अमिरन म्हणाली. “आले गो, आले.”

पोरीचा हात खाली आला. तिने दुसरी हाक मारली नाही. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि खोलीत बघत राहिली, आपलं माणूस दुरून येताना दिसावं तशी. दार उघडंच होतं. बदरुद्दीन जोडाच्या आवाजाची वाट बघत राहिला. त्याचा हात मशीनच्या खटक्यावर होता, पण खटका दाबवेना.

बऱ्याच वेळाने ‘टक’ झालं.

४

त्याने कारणं शोधली. उष्म्याने मोटर मंद चालत असेल. काल डोळा लागला असेल आणि नीट बघितलं नसेल. फिल्म गुंडाळून झाल्यावर ती पेन्सिलीच्या खुणेच्या वर आली होती. सैल गुंडाळली की फुगते, तो मनाशी म्हणाला. त्याने ती हाताने घट्ट गुंडाळली. तरी ती खुणेच्या वरच राहिली.

मग त्याने बाकीचे डबे एकेक करून पुन्हा लावले. तलवारवाली मुलगी दारात आली. तिने हाक मारली नाही. नायिका आली, तिनेही नाही. म्हातारी आई उंबऱ्यात आली आणि अंग चोरून एका बाजूला सरकली, पाहुण्याला वाट देतात तशी. सगळ्या रिळांवर फिल्म खुणेच्या वर गेली होती.

“अब्बास, फिल्म वाढते काय रे कधी?” त्याने विचारलं.

“पाण्यात भिजत घाल, वाटाण्यासारखी फुगेल,” अब्बास म्हणाला. मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाला, “तब्येत बरी हाय ना तुझी? तोंड केवढंसं झालंय.”

घरी मात्र अमिरन बरी होत चालली होती. रस्त्यात पोरांनी ‘युम्मा’ म्हटलं तर आता ती वळत नव्हती. तिने केसांना तेल लावलं. हिरवी ओढणी काढली, कुवेतला आली तेव्हा त्याने बाजारातून घेतलेली, चंदेरी काठाची. एके संध्याकाळी तिने घावणे केले आणि ताटं मांडली ती तीन.

“कोण येणार हाय काय?”

तिने त्याच्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि काहीतरी सांगितलं. ओठ हलले. त्याला ऐकू आलं नाही.

“काय म्हणालीस?”

पुन्हा ओठ हलले. तव्यावर उलथनं फिरत होतं, त्याचाही आवाज नव्हता. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. ती पीठ ढवळायला लागली, बांगड्या एकमेकींवर आपटल्या, आणि खोलीत काहीच वाजलं नाही. बाहेर समुद्राचा आवाज होता. शेजारच्या अंगणात शेळी ओरडली. ते सगळं त्याला स्वच्छ ऐकू येत होतं.

मशीनजवळ वर्षानुवर्षं बसून कान गेले असतील, त्याने स्वतःला सांगितलं. पण कान एका माणसापुरते जातात काय?

तो तिच्याजवळ जाऊन बसला. तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे.

५

“पेटी बांधून ठेव,” अब्बास सांगत आला. “उद्या सकाळी बोट सुटते. त्यांचा माणूस येईल न्यायला.”

त्या दुपारी अमिरन त्याच्याबरोबर निघाली नव्हती. दारात उभी राहून तिने मान हलवली होती आणि घरात बोट दाखवलं होतं, काम आहे अशा अर्थाने. बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी राहिली.

मशीन लावायचा त्याला धीर झाला नाही. पोरीचा डबा घेऊन तो खिडकीशी गेला, पडदा थोडा सारला आणि फिल्म उजेडावर धरली. भिंग डोळ्याला लावलं. इंच इंच करून दारापाशी आला.

पोरगी उंबऱ्यात उभी होती. आता तिचं तोंड बाहेर नव्हतं, आत होतं. ती मागे वळून कोणाशी तरी बोलत होती. तिच्या पाठीमागे काळोखी खोली. आजवर त्या खोलीत त्याला काही दिसलं नव्हतं. आता काळोखात चुलीचा उजेड होता, आणि चुलीपुढे एक बाई पाठमोरी बसली होती. एक गुडघा उभा, त्या गुडघ्यावर कोपर. ओढणीचा काठ मागे जमिनीवर आला होता. फिल्म काळी-पांढरी, रंग कळायला मार्ग नव्हता. काठ मात्र चकाकत होता.

चिनी बायकाही अशाच बसत असतील, तो म्हणाला. हे तो मोठ्याने म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला.

भिंग घामाने निसटायला लागलं. पेटी उद्या जाणार. आधी बोटीवर, मग दुसऱ्या बोटीवर, मग कुठल्या मुलखात कोण जाणे. कुठल्यातरी क्लबात लोक सिगारेटी ओढत हे दार बघतील, आणि मग डबा बंद करून ठेवतील. आतली बाई डब्यात राहील.

फिल्म कमी करायची कशी, हे त्याला येत होतं. आयुष्यभर तेवढंच तो करत आला होता.

त्याने कात्री घेतली. दार उघडतं तिथून जोडापर्यंतचा तुकडा कापून काढला. उरलेली टोकं खरवडली, बाटलीतलं फिल्म जोडायचं सिमेंट लावून चिकटवली आणि अंगठ्याने दाबून धरली. वाळेपर्यंत तो कलमा म्हणत होता. तुकडा त्याने गुंडाळून शर्टाच्या खिशात घातला, छातीशी. घरी नेऊन चुलीत घालायचा, म्हणजे संपलं.

आह-लुन पॅसेजमध्ये शर्टांची चळत घेऊन उभा होता. त्याने बदरुद्दीनच्या खिशाकडे बघितलं. खिशातून फिल्मचं टोक बाहेर आलं होतं.

“काटा?” त्याने विचारलं.

बदरुद्दीनने मान हलवली.

“वो औरत अंदर था, कि बाहर था, जब काटा?”

बदरुद्दीनने टोक खिशात दाबलं. ते त्याने बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, पण तसा विचार केला नव्हता.

६

फिंतासला बस थांबली तेव्हा सूर्य वाळवंटावर टेकला होता. तो वाळूतून भराभर चालत घराकडे निघाला. मशिदीत मगरिबची अजान झाली आणि थांबली. त्यामागून समुद्राचाही आवाज थांबल्यासारखा झाला. शेळी ओरडत नव्हती. कोणाचं पोर कोणाला हाक मारत नव्हतं.

घराचं दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर अमिरनच्या चपला होत्या, टाचा बाहेर, अंगठे आतल्या बाजूला. शेजारी लहान पोरीच्या मापाचं काही नव्हतं. ते आहे का, हे त्याने आधी बघितलं, आणि मग आपण ते का बघितलं याची त्याला भीती वाटली.

आत दिवा नव्हता. चूल पेटलेली असावी, कारण भिंतीवर तांबूस उजेड हलत होता. चूल त्याला दिसत नव्हती, तिच्यापुढे कोणी बसलंय का तेही दिसत नव्हतं.

त्याने खिशातून तुकडा काढून पश्चिमेच्या उजेडावर धरला. भिंग नव्हतं, पण एवढं दिसायला भिंग लागत नाही. दार उघडं होतं. उंबऱ्यात पोरगी नव्हती. मागे चूल नव्हती, बाई नव्हती. टोकापासून टोकापर्यंत नुसती रिकामी खोली.

म्हणजे ती तिथे नाही. त्याच्या जिवात जीव आला. ती तिथे नाही, म्हणजे ती इथे आहे.

चपला काढायला म्हणून त्याने दाराला हात टेकला. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. उजव्या फळीला आडवी चीर होती, टोकाशी किंचित खाली वाकलेली. सकाळी तो याच फळीला धरून बाहेर पडला होता. सकाळी ती चीर नव्हती.

“लैलाचे अब्बा,” आतून हाक आली.

अमिरनचा आवाज. कित्येक दिवसांत न ऐकलेला, आणि ते नाव तर लैला गेल्यापासून न ऐकलेलं. स्वच्छ, जवळचा, थोडासा रागावलेला, जेवण निवतंय म्हणून रागावते तसा. त्याचे डोळे भरून आले.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सांज झाली होती. आईचं बोलणं त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. माणूस असलं तर पुन्हा हाक मारील. थांब बदरू, थोडा थांब.

तो थांबला. भिंतीवरचा तांबूस उजेड हलत होता. दुसरी हाक आली नाही.

पण अमिरनने त्याला दुसरी हाक कधी मारलीच नव्हती. सगळ्या संसारात कधीच नाही. आत ती बसली असेल, आणि तिला वाटत असेल, यांना ऐकू आलं, तरी हे आले नाहीत. लैला तापात अब्बांना हाका मारत होती, तेव्हाही हे आले नाहीत.

खिशातला तुकडा त्याने वाळूत टाकून दिला.

“ओ,” बदरुद्दीन म्हणाला. “आलो गो.”

आणि वाकून त्याने उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं. त्याच्या मागे दार लावून घ्यायला आतून एक लहानसा हात पुढे आला. हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्या फळीवर आपटल्या, पण वाजल्या नाहीत.